ड्रायर पावसाळ्यातच का बंद पडतो: आधी हवा बघा, मग हीटर

मुंबईत ड्रायर घेतला जातो तो जून ते सप्टेंबरच्या भरवशावर, आणि दगा देतो तोही याच चार महिन्यांत. ऑक्टोबर ते मे गॅलरीतली वलणी पुरते. मशीन ड्राय बाल्कनीत प्लॅस्टिकचं कव्हर घालून उभं असतं. मग एकदा पाऊस लागून राहतो, गणवेश, टॉवेल आणि चादरींचा ढीग साठतो, आणि त्याच मशीनला रोज दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली, त्यामुळे सोसायटीत आणि नात्यात कोणाचाही ड्रायर थांबला की फोन मला येतो. घरोघरी तोच बिघाड पुन्हा पुन्हा उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: बहुतेक वेळा मशीनचा एकही पार्ट गेलेला नसतो, त्याचा श्वास कोंडलेला असतो. हवेची वाट बुजते, आत उष्णता साचते आणि सुरक्षेसाठी बसवलेला स्विच मशीन थांबवतो. मेकॅनिक तो स्विच बदलून जातो, हवेची वाट तशीच राहते, आणि पंधरवड्याने पुन्हा फोन.

पुष्कळ घरांत ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा पिळणारा डबा. तो कपडे वाळवत नाही, फक्त पाणी काढतो. त्याचे बिघाड वेगळे असतात: झाकणाचा स्विच, ब्रेकची तार, एका बाजूला गोळा झालेले कपडे, कपॅसिटर. इथे मी बोलते आहे ते गरम हवेच्या ड्रायरबद्दल. समोर गोल दार, आत फिरणारा ड्रम, दोन ते अडीच हजार वॉटचा हीटर आणि दमट हवा बाहेर फेकणारा पाइप किंवा जाळी.

आधी लक्षण नीट ओळखा

फोनवर सगळे एवढंच सांगतात, "ड्रायर बंद पडला." यावरून काही कळत नाही. खालच्यापैकी नेमकं काय होतंय ते बघा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार: मशीन चालू होतं, वीस-तीस मिनिटं चांगलं चालतं आणि मध्येच थांबतं. लगेच बटण दाबलं तर हूं की चूं नाही. तासाभराने दाबलं तर जणू काही झालंच नव्हतं असं चालू. हे जवळजवळ नेहमी जास्त तापल्याचं लक्षण असतं.

दुसरा प्रकार: ड्रम फिरतो, पण हवा गार. तिसरा: ड्रम फिरतो, हवा गरम आहे, तरी दोन फेऱ्यांनंतर टॉवेल दमटच. याला लोक बिघाड म्हणत नाहीत आणि महिनाभर तसंच चालवतात. खरं तर पहिल्या दोन प्रकारांची ही आगाऊ सूचना असते.

कधी नुसता गुंऽऽ आवाज येतो आणि ड्रम हलत नाही. कधी दिवासुद्धा लागत नाही. कधी चालू करताच, किंवा हीटर लागताच, घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा सुरक्षा स्विच, खाली पडतो. आणि नव्या सेन्सरवाल्या मशीनमध्ये आणखी एक गंमत: पाच-दहा मिनिटांत "झालं" म्हणून मशीन थांबतं आणि आत कपडे ओलेच.

जळका वास, धूर, ठिणगी किंवा हाताला झिणझिण्या यांतलं काहीही असेल, तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. बटण बंद करा, प्लग काढा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

एक तास काहीच करू नका

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढा, दार उघडा आणि कपडे बाहेर काढून पसरा. कपडे काढायचं कारण असं की ड्रायर फेरीच्या शेवटी काही मिनिटं गार हवा देतो. मध्येच थांबला तर ती पायरी राहून जाते आणि गरम कपड्यांचा गोळा आत तसाच धुमसत राहू शकतो. लाइट गेल्यावरही हेच करा.

तासाभराने प्लग लावून बटण दाबलं आणि मशीन चालू झालं, तर मोटरचं ओव्हरलोड संरक्षण गार होऊन पूर्ववत झालं असं समजा. म्हणजे मोटर जिवंत आहे, वायरिंग जिवंत आहे, आणि शोधायचं आहे ते तापण्याचं कारण. "चालू झालं ना, मग ठीक" असं म्हणून सोडू नका. तो स्विच रोज उडत राहिला तर शेवटी कायमचा जातो.

तासाभरानेही मशीन निपचित असेल तर बटणांपासून सुरुवात करा. चाइल्ड लॉक लागलेला आहे का? उशिरा चालू होण्याची वेळ चुकून लागली आहे का? टायमर गार हवेवर तर फिरलेला नाही? दार बंद करताना टक असा आवाज येतो का? दाराच्या रबरात मोजा अडकला असेल किंवा लॅचचं प्लॅस्टिकचं नाक मोडलं असेल तर मशीनला दार उघडंच वाटतं आणि ते चालू होत नाही. एवढ्यासाठी मेकॅनिकच्या व्हिजिटचे पैसे देणारी घरं मी पाहिली आहेत.

मग सॉकेट. दोन हजार वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, अडीच हजार वॉटचा जवळजवळ अकरा. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच हवा. जुन्या इमारतींत ड्राय बाल्कनीत ६ अँपिअरचा छोटा सॉकेट असतो आणि लोक अडॅप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन चालवतात. तसं असेल तर आजच बंद करा. सॉकेट बरोबर असला तरी मशीन अर्धा तास चालवून स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावून बघा. कोमट असतील तर ठीक. चटका बसत असेल तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. सैल जोडणीत उष्णता तयार होते, प्लॅस्टिक पिवळं आणि मग तपकिरी होतं. वरळी, दादर, वर्सोवा असं समुद्राजवळचं घर असेल तर खाऱ्या हवेने पितळी पट्ट्या लवकर काळ्या पडतात, हेही लक्षात ठेवा. सॉकेट बदलणं वायरमनचं काम आहे, पण ओळखणं तुमचं.

व्होल्टेज कमी असेल तर हीटर त्या मानाने जास्तच ढिला पडतो. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले तर उष्णता साधारण तीन-चतुर्थांशच मिळते. घरातले दिवेही मंद वाटत असतील तर ड्रायर उघडू नका. आधी बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, ज्यांचं मीटर असेल त्यांच्याकडे तक्रार नोंदवा.

आत काय घातलंय

मशीनवर लिहिलेले साडेपाच किंवा सात किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन असतं. ड्रम निम्म्याच्या थोडा वरपर्यंत भरला की पुरे; वर मोकळी जागा नसेल तर कपडे उलटसुलट होत नाहीत आणि हवा त्यांच्यातून जात नाही. कपडे मशीनमध्ये जास्तीत जास्त वेगाने पिळून घ्या. हाताने धुऊन पिळलेले कपडे थेट ड्रायरमध्ये टाकले तर पाणी इतकं असतं की मोटर ओझ्याने तापते.

वॉशर-ड्रायर एकत्र असलेल्या मशीनमध्ये धुण्याची क्षमता आणि वाळवण्याची क्षमता वेगळी असते. स्टिकरवर दोन्ही आकडे असतात आणि वाळवण्याचा बराच कमी असतो. आठ किलो धुऊन ते सगळे आठ किलो वाळवायला ठेवले की मशीन रडणारच. यांतली अनेक मॉडेलं वाफ गार करायला नळाचं पाणी वापरतात. दुपारी सोसायटीने टाकीचं पाणी बंद केलं की वाळवणं अडतं आणि घरचे समजतात हीटर गेला. आधी नळ सोडून बघा.

सुती साडी इतर कपड्यांबरोबर टाकू नका. तिचा दोर होतो, त्यात बाकीचे कपडे गुंडाळले जातात आणि मधला गोळा ओलाच राहतो. परकराची आणि सलवारीची नाडी आधी काढा किंवा गाठ मारून आत खोचा. ड्रम आणि पुढच्या कडेच्या फटीत नाडी ओढली जाऊन ड्रम अडकलेला मी पुष्कळदा सोडवला आहे. ब्लाउजचे हुक लावून, उलटा करून टाका.

आणि तेलाचे कपडे अजिबात नाहीत. बाळाच्या मालिशचे पंचे, अभ्यंगाचे टॉवेल, स्वयंपाकघरातलं तेलकट फडकं, धुऊनही त्यांत तेल उरतं. गरम होऊन ढिगात पडलेलं तेलकट कापड आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतं. ते वलणीवरच वाळू द्या, कितीही दिवस लागोत.

जाळी, आणि तिच्यामागची जागा

लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारा तो करडा, कापसासारखा थर. तो अडवणारी जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करायची असते. दर आठवड्याला नाही, प्रत्येक फेरीनंतर. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. बोटाने थर काढल्यावर जाळी स्वच्छ दिसते, पण फॅब्रिक कंडिशनरचा मेणचट पापुद्रा तिच्या छिद्रांवर बसलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली आडवी धरा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक. जाळीवर साचून राहिलं तर हवासुद्धा तशीच अडकते आहे. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. ओली जाळी बसवली की लिंट तिला लगद्यासारखं चिकटतं.

जाळी बसते त्या खाचेत टॉर्च मारा. तिथे खाली थर साचलेला असतो, सोबत एखादं नाणं, सेफ्टी पिन, केसांचा चाप. बाटली धुवायचा लांब ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनरचं चपटं तोंड घाला. प्लग काढलेला असू द्या. ड्रम फिरताना खडखड येत असेल तर नाणं पंख्यापर्यंत पोहोचलं आहे, ते बाहेरून निघणार नाही.

पाच-दहा मिनिटांत थांबणाऱ्या सेन्सरवाल्या मशीनमध्ये ड्रमच्या आत, जाळीच्या आसपास, दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओले कपडे त्यांना टेकले की मशीनला ओल कळते. पट्ट्यांवर कंडिशनरचा थर बसला की सगळं कोरडंच वाटतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. आत दोनच टी-शर्ट असतील तरीही असंच होतं, कारण ते पट्ट्यांना फारसे टेकतच नाहीत. तेव्हा वेळ लावून चालवा.

बाहेर जाणारी हवा

मुंबईच्या घरांत खरा घोटाळा इथे असतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पाच किलो सुती कपडे चांगले पिळले तरी त्यांच्यात अडीच-तीन लिटर पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन तुमच्या ड्राय बाल्कनीत येतं. बाल्कनीला सरकत्या काचा लावलेल्या, पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून त्या घट्ट बंद, स्वयंपाकघराचं दारही बंद. मग मशीन तीच गरम, दमट हवा पुन्हा आत ओढतं. जुलैत बाहेरची हवा आधीच ओलसर, त्यात ही भर. कपडे वाळत नाहीत, फेरी लांबते, मोटर आणि हीटर जास्त वेळ तापतात आणि कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा तो सुरक्षेचा स्विच, उडतो. वर छताला बुरशी धरते ती वेगळीच. मशीन चालू असताना एक काच हातभर उघडी हवी. एवढ्यानेच सुटलेल्या तक्रारी कमी नाहीत.

मशीनच्या मागे हवा ओढण्याची जाळी असते. मशीन भिंतीला चिकटवलेलं असेल तर ती झाकली जाते. निदान वीतभर अंतर सोडा. ती जाळी कोळिष्टकांनी भरलेली असते, कोरड्या ब्रशने झाडा. प्लॅस्टिकचं कव्हर फक्त पुढून वर करून मशीन चालवण्याची सवय असेल तर ती मोडा.

आता पाइप. तो मशीनमागे दबून चपटा झालेला असतो, किंवा खिडकीपर्यंत न्यायला दोन-तीन वळणं दिलेली असतात, किंवा मध्येच लोंबकळतो आणि त्या झोळात पाणी साचतं. काही काकू लिंट बाहेर उडू नये म्हणून पाइपच्या तोंडाला जुना पायमोजा बांधतात. हेतू चांगला, पण चार फेऱ्यांत तो मोजा बूच होतो. दुसरं बूच म्हणजे कबुतरं. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री टाकून झाकला, पण ड्राय बाल्कनीतल्या पाइपचं गरम, कोरडं तोंड कबुतरांना अजून खुलं आहे. आठ महिने मशीन बंद असतं तेव्हा काड्या आत जातात. घरटं निघालं तर तोंडाला मास्क लावा आणि विष्ठा आधी पाण्याने भिजवा. सुकी झाडली तर तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. आत अंडी किंवा पिल्लं असतील तर ती मोठी होईपर्यंत पाइप काढूनच मशीन चालवा.

पाइप हेच कारण आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. पाइप मशीनपासून काढा, सगळ्या खिडक्या उघडा, थोडे ओले कपडे घालून अर्धा तास चालवा. बाहेर येणाऱ्या हवेसमोर हात धरा, जोरदार गरम झोत लागला पाहिजे. आता मशीन न थांबता चाललं, तर दोष पाइपमध्ये आहे, मशीनमध्ये नाही. नवा पाइप जमेल तितका आखूड आणि सरळ ठेवा. पाइप काढूनही झोत मरतुकडा असेल तर आतला पंखा किंवा आतली नळी लिंटने भरली आहे, आणि त्यासाठी मागचं पॅनेल उघडावं लागतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका टॉवरमध्ये ड्रायरमधून मोठी आग लागली होती. त्या काळात ब्रिटनमध्ये ड्रायरच्या एका मोठ्या वर्गाबद्दल जी सूचना निघाली होती तिचं कारण हेच: साचलेलं लिंट तापलेल्या हीटरला लागून पेटू शकतं. वाळलेलं लिंट काडी लावल्यासारखं धरतं. म्हणून मी जाळी आणि पाइपवर इतकं बोलते.

ईएलसीबी पडत असेल तर

पहिल्या पावसात येणारा हा खास मुंबईचा फोन. "काल धुतलं, आज ड्रायर लावला आणि सगळ्या घराची लाइट गेली."

आधी बघा नेमकं काय पडलं. टी लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद स्विच, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात, तो पडला की छोटा एमसीबी? एमसीबी पडला तर प्रवाह जास्त झाला. गीझर आणि ड्रायर एकाच लाइनवर असतील तर दोन्ही एकावेळी चालवू नका. ईएलसीबी पडला तर वीज कुठेतरी जमिनीकडे झिरपते आहे. घरगुती ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो. ड्रायरचा प्लग काढून तो वर करा. टिकला, तर गळती ड्रायरमध्ये आहे. प्लग काढूनही पडत असेल तर ड्रायर निर्दोष, ओल दुसरीकडे शोधा.

ड्रायरमध्ये बहुधा हीटर ओल धरतो. नळीसारख्या हीटरच्या आत तार आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये पांढरी पूड भरलेली असते. ती वीज अडवते, पण हवेतली ओल शोषते. आठ महिने बंद मशीन, वर जूनची हवा, मग पहिल्याच दिवशी गळती. मशीनमध्ये नुसत्या गार हवेची सोय असेल तर त्यावर अर्धा-पाऊण तास रिकामं चालवा आणि मग एकदाच गरमवर बघा. चाललं तर ओल उडाली. पुन्हा पडला तर थांबा. तिसऱ्यांदा प्रयत्न नाही.

"ईएलसीबीच खराब आहे, काढून टाकतो" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून निरोप द्या. बाल्कनी ओली, पाय ओले, मशीनचं अंग धातूचं. तो स्विच तुमचा जीव वाचवायलाच आहे.

पावसाळा नसतानाही महिन्यातून एकदा ड्रायर वीस मिनिटं चालवला तर हा प्रकार फारसा होत नाही.

लाल बटण

हवा गार आणि ड्रम फिरतोय, असं असेल तर थर्मल कटआउट उडालेला असण्याची शक्यता मोठी. काही मॉडेलांत मागे एका छोट्या भोकात किंवा रबरी टोपीखाली त्याचं रीसेट बटण असतं. मशीन पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबा. टिक आवाज आला तर तो उडालेलाच होता.

हे बटण एकदाच दाबायचं, आणि तेही जाळी, पाइप, खिडकी हे सगळं झाल्यावर. पुन्हा उडाला तर दाबत बसू नका. एकतर हवा अजून अडकते आहे किंवा तापमान सांभाळणारा दुसरा थर्मोस्टॅट चिकटला आहे आणि हीटर बंदच होत नाही.

पॅनेल उघडायचं तर

मल्टिमीटर वापरता येत नसेल तर हा भाग सोडा. येत असेल तरी प्लग काढून, मशीन गार झाल्यावर. भिंतीवर वर टांगलेलं मशीन एकट्याने उतरवू नका.

उघडण्याआधी ड्रम हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. अगदी सैलसर गरगर फिरला तर पट्टा तुटला आहे. अजिबात न हलला तर काहीतरी अडकलं आहे. पट्टा मॉडेल नंबरवरूनच घ्या, म्हणून मागच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोडला कपॅसिटर, थर्मोस्टॅट मिळून जातात. पट्टा मात्र "चालून जाईल" म्हणून दिलेला चालत नाही.

हीटरची एक तार सोडून त्याच्या दोन टोकांमध्ये रोध मोजा. दोन हजार वॉटचा असेल तर २६ ओहमच्या आसपास, अडीच हजारचा असेल तर २१. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. टोक आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये मात्र काहीच दाखवता कामा नये. कटआउट आणि थर्मल फ्यूज हे गार असताना जोडलेलेच दिसले पाहिजेत. जोडण्यांवर हिरवट-काळा थर, वितळलेलं प्लॅस्टिक, उंदराने कुरतडलेली वायर हे डोळ्यांनीच दिसतं. कंट्रोल बोर्डावर झुरळांची वस्ती असेल तर तेही.

गुंऽऽ आवाज आणि ड्रम बंद, हे बहुतेकदा कपॅसिटरचं काम, ज्याला आपले वायरमन कंडेन्सर म्हणतात. प्लग काढल्यावरही तो आत वीज धरून ठेवतो. तो सुरक्षित रिकामा कसा करायचा हे शिकलेलं नसेल तर हात लावू नका.

थर्मल फ्यूज गेला असेल तर त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा नवा बसवा. सगळ्यात जास्त चीड मला येते ती "डायरेक्ट करून देतो" या वाक्याची. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की ड्रायर झकास चालतो, मेकॅनिक पैसे घेऊन जातो. आता हवा अडकली तरी हीटर थांबवणारं कोणी उरलेलं नसतं, आणि समोर लिंट. आधीच्या कोणी असं करून ठेवलेलं दिसलं तर नवा थर्मोस्टॅट बसेपर्यंत मशीन लावू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

ईएलसीबी दुसऱ्यांदा पडला. सॉकेट किंवा प्लग वितळला. मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या. जळका वास आला. रीसेट केलेला कटआउट पुन्हा उडाला. गुणगुण आहे पण ड्रम फिरत नाही. कंट्रोल बोर्डवर काहीच नाही किंवा दिवे वेडेवाकडे लागतात. हीट-पंपवाला ड्रायर असेल तर जाळी आणि बाहेरून दिसणाऱ्या पात्या मऊ ब्रशने साफ करण्यापलीकडे काही करू नका, आत फ्रिजसारखा गॅस भरलेला असतो. वॉरंटी चालू असेल तर पॅनेलचा एकही स्क्रू सोडू नका.

तळमजल्यावर पाणी शिरून मशीन बुडालं असेल तर ते वरून वाळलेलं दिसलं म्हणून लावू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा कशाला, दोन फूट पाणी पुरतं मोटर आणि वायरिंग भिजवायला. तपासणी झाल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

धूर दिसला तर दार उघडून आत बघण्याचा मोह होतो. उघडू नका, आत हवा मिळाली की पेट घेतं. मेन स्विच बंद करा, सगळे बाहेर पडा, १०१ लावा.

मेकॅनिक आला की त्याला लक्षण, ते केव्हा येतं आणि तुम्ही काय काय साफ केलंत, एवढं सांगा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. काम झाल्यावर पाइप लावून, ओले कपडे घालून, निदान अर्धा तास त्याच्यासमोर चालवा, कारण आपला बिघाड वीस मिनिटांनंतरच येतो. त्याच्याकडे क्लॅम्प मीटर असेल तर हीटर चालू असताना प्रवाह मोजायला सांगा. दोन हजार वॉटच्या मशीनला साडेआठ-नऊ अँपिअर दिसले आणि बाहेरच्या हवेचा झोत हाताला जोरात लागला, तर पैसे द्या.